कॉफी, पाळी जाण्याचं वय आणि उशिरा विचारला गेलेला प्रश्न



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर एका मैत्रिणीने मला मंदिराच्या ओवरीत बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पाळी जायच्या वयात कॉफी सोडावीच लागते का हो? मला तर सकाळी तिच्याशिवाय उजाडत नाही." तिला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. कारण तिच्या प्रश्नाने मला आमच्या अक्का आठवल्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. १९९६ साली त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. अंगातून वाफा निघायच्या, रात्री दोनला उठून खिडकीशी बसायच्या. दिवसाला चार-पाच कप कॉफी हे त्यांचं एकमेव व्यसन. ओळखीच्या एका डॉक्टरांनी ऐकून घेतलं, न घेतलं आणि सांगितलं, "कॉफी बंद करा, सगळं थांबेल." अक्का निग्रही. दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी त्यांनी कॉफी सोडली ती कायमची. दुसऱ्या दिवशी डोकं असं चढलं की पूजेला बसवेना. त्यांना वाटलं, आपलाच काही कर्मोदय. आम्हालाही काही कळलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. अक्कांना नुसतं दूध घशाखाली उतरत नसे आणि ताकाने सर्दी व्हायची. पोटात जे दूध जायचं ते कॉफीतूनच. कॉफी गेली आणि तिच्याबरोबर दूधही गेलं. वाफा मात्र पुढे चार वर्षं राहिल्या. २०१० साली मंदिराच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडं ठिसूळ झाली आहेत, असं निदान झालं. ती कॉफी सोडल्यानेच झाली असं मी म्हणत नाही. वय, आनुवंशिकता, ऊन न मिळणं, अशी कारणं अनेक असतात. पण तेव्हा कुणी नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढं मात्र मनात राहिलं. म्हणून यंदा चातुर्मासात मी या विषयाचा जुना इतिहास वाचायला घेतला. त्यात जे सापडलं ते आज मांडते.

कॉफीची सुरुवातच जागरणातून झाली. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून ती पीत. तिथून ती मक्का, कैरो, इस्तंबूल अशी पसरली. आपल्याकडे ती बाबा बुदान यांनी आणली अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. श्रवणबेळगोळला जाऊन आलेल्या मैत्रिणींना ठाऊक असेल, हासन जिल्ह्यातून सकलेशपूरच्या बाजूला वळलं की कॉफीचे मळे सुरू होतात. केरळात वायनाडमध्ये पुळियारमला इथे अनंतनाथस्वामींचं मंदिर आहे, त्याच्याही आजूबाजूला कॉफीच आहे. वायनाडमधली काही जैन घराणी पिढ्यान्‌पिढ्या कॉफीचीच शेती करत आली आहेत. म्हणजे हे पेय आपल्याला परकं नाही. आमच्या आजेसासूबाई कॉफीत जायफळ किसून घालायच्या. जायफळाने झोप येते म्हणतात आणि कॉफीने झोप जाते. एकाच कपात दोन्ही कसं चालायचं, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

आता बायकांकडे वळू. कॉफी आणि बाई यांच्याविषयी जगात पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यातलं बरंचसं बाईला न विचारता. १६७४ साली लंडनमध्ये एक पत्रक छापून निघालं. नाव काय, तर बायकांचा कॉफीविरुद्ध अर्ज. तक्रार अशी की, नवरे दिवसभर कॉफीगृहात बसतात आणि कॉफीमुळे संसाराच्या कामाचे राहात नाहीत. त्याच वर्षी पुरुषांचं उत्तरही छापून आलं. हा अर्ज बायकांनीच लिहिला होता की बायकांच्या नावावर कुणी पुरुषाने थट्टा केली होती, यावर इतिहासकारांना आजही शंका आहे. त्या कॉफीगृहांत गिऱ्हाईक म्हणून बायका सहसा नसतच. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १६७५ मध्ये, राजा दुसऱ्या चार्ल्सने कॉफीगृहं बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोक खवळले म्हणून काही दिवसांतच मागे घेतला. राजाला भीती बायकांच्या तक्रारीची नव्हती, कॉफी पिता पिता होणाऱ्या राजकारणाच्या गप्पांची होती.

जर्मनीत १७३४ च्या सुमारास बाख या प्रसिद्ध संगीतकाराने कॉफीवर एक विनोदी संगीतिका रचली. बाप मुलीला कॉफी सोड म्हणून धमकावतो. मुलगी वरवर ऐकते आणि जो नवरा कॉफी पिऊ देईल त्याच्याशीच लग्न करायचं ठरवते. शेवटी सगळे मिळून म्हणतात की आई कॉफी पिते, आजी प्यायची, मग मुलींना काय बोल लावायचा. मला गंमत वाटली ती या आई आणि आजीची. त्यांना त्या कॉफीने काय होत होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढच्या शतकात दोन गोष्टींना दोन वर्षांच्या अंतराने नावं मिळाली. १८१९ साली रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कवी गटे यांनी कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणाले. त्यातून कॅफिन वेगळं काढलं गेलं. १८२१ साली गार्दान या फ्रेंच डॉक्टरांच्या ग्रंथात मेनोपॉज हा शब्द रूढ झाला. आपण त्याला रजोनिवृत्ती म्हणतो. दोघांची नावं अशी जवळजवळ एकाच वेळी कागदावर आली. पण या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, हे मोजून पाहायला पुढे दीडशे वर्षं गेली. मधल्या काळात 'उत्तेजक पेयं टाळा' हा सल्ला देणारे पुष्कळ होते, मोजणारं कुणी नव्हतं.

मोजलं नसलं तरी विकलं मात्र गेलं. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हा भाग मला विशेष कळला. अमेरिकेत १८९५ साली सी. डब्ल्यू. पोस्ट या गृहस्थांनी गव्हाचा कोंडा आणि काकवी भाजून पोस्टम नावाचं पेय बाजारात आणलं. ते खपावं म्हणून वर्षानुवर्षं जाहिराती केल्या की, कॉफीने नसा बिघडतात, चिडचिड होते, झोप उडते. जर्मनीत ब्रेमेनचे कॉफी व्यापारी रोझेलियस यांनी १९०६ च्या सुमारास कॅफिन काढून टाकलेली कॉफी विकायला सुरुवात केली. आधी भीती आणि मग तिच्यावरचा उपाय, असा हा धंदा. आपल्या दक्षिणेतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळ घरांत कॉफीने सकाळच्या शिळ्या भाताच्या पेजेची जागा घेतली, तेव्हा बायकांना कॉफीचं व्यसन लागतंय म्हणून टीका झाली. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी त्यावर सविस्तर लिहिलं आहे. टीका झाली ती बायकांनी कॉफी प्यावी की नाही यावर. पिऊन त्यांच्या शरीराला काय होतं, हा प्रश्न तिथेही मागेच राहिला.

तो प्रश्न शेवटी ज्यांच्यामुळे सुटायला लागला, त्या कोण होत्या हे वाचून मला फार बरं वाटलं. त्या साध्वी होत्या. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात डॉ. रॉबर्ट हीनी यांनी १९६७ पासून दीडशेहून अधिक कॅथलिक साध्वींचा अभ्यास सुरू केला. त्या साध्वी पाळी जाण्याच्या वयाकडे येत होत्या. दर काही वर्षांनी त्या आठवडाभर रुग्णालयात येऊन राहायच्या. त्यांच्या पोटात किती कॅल्शियम गेलं आणि शरीरातून किती बाहेर पडलं, याचा पै-पैचा हिशेब ठेवला जायचा. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे आणि खाली शिल्लक. आपण खातेवही मांडतो तसंच.

१९८२ साली त्यातून कॉफीचा हिशेब बाहेर आला. कॅफिनमुळे कॅल्शियम थोडं जास्त बाहेर पडतं. किती? पुढच्या मोजणीत एका कपामागे साधारण ५ मिलिग्रॅम एवढा तोटा निघाला. आता दुधाकडे पाहा. टेबलावरच्या एका मोठ्या चमच्यात म्हणजे १५ मिलिलिटर दुधात सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं साधारण तिसरा हिस्सा अंगाला लागतं. म्हणजे एका कपाचा तोटा एक-दोन चमचे दुधाने भरून निघतो. हीनी यांनीही शेवटी हेच लिहिलं.

मग १९९४ साली दोन अभ्यास आले. बोस्टनमध्ये पाळी गेलेल्या २०५ निरोगी बायकांच्या हाडांची मापं घेतली. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी होतं आणि दिवसाला दोन-तीन कप किंवा अधिक कॉफी होती, त्यांची हाडं जास्त झिजलेली दिसली. कॅल्शियम पुरेसं घेणाऱ्यांत तसं दिसलं नाही. दुसरा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या रँचो बर्नार्डो या गावातला, डॉ. एलिझाबेथ बॅरेट-कॉनर यांचा. पाळी गेलेल्या ९८० बायकांना त्यांच्या आयुष्यभराच्या कॉफीविषयी आणि दुधाविषयी विचारलं. रोज दोन कप कॉफी पिणाऱ्यांची खुब्याची आणि मणक्याची हाडं विरळ होती. पण ज्या आयुष्याचा बराच काळ रोज निदान एक पेला दूध पीत आल्या होत्या, त्यांच्यात हा फरक दिसला नाही.

मैत्रिणींनो, हे १९९४ साली छापून आलं होतं. अक्कांनी कॉफी आणि दूध दोन्ही सोडलं ते १९९६ साली. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसले होते.

आता वाफांचं. हा अभ्यास अगदी अलीकडचा. अमेरिकेतल्या रोचेस्टर इथल्या मेयो क्लिनिकमध्ये २००५ ते २०११ या काळात पाळीच्या तक्रारी घेऊन २,५०७ बायका आल्या. त्यांच्यापैकी १,८०६ जणींची माहिती तपासून २०१४ साली निष्कर्ष जाहीर झाला. पाळी पूर्ण गेलेल्यांत कॅफिन घेणाऱ्यांना वाफा आणि रात्रीचा घाम यांचा त्रास अधिक वाटत होता. पण ज्यांची पाळी अजून जायची होती, मागे-पुढे होत होती, त्यांच्यात कॅफिन घेणाऱ्यांना मन उदास होणं, विसर पडणं, लक्ष न लागणं या तक्रारी कमी होत्या. म्हणजे तेच पेय एकीला त्रासाचं आणि दुसरीला आधाराचं. ही एकदाच विचारून केलेली पाहणी आहे. कॉफीने वाफा वाढल्या, की वाफांनी झोप गेली म्हणून कॉफी वाढली, हे तिच्यातून सांगता येत नाही. "कॉफी बंद करा, सगळं थांबेल" असं खात्रीने सांगण्याइतका आधार तर तिच्यात मुळीच नाही.

मनाविषयी आणखी एक मोठा अभ्यास २०११ साली आला. पन्नास हजारांहून अधिक अमेरिकन परिचारिका, सरासरी वय ६३, दहा वर्षं पाहिल्या. रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण कॉफी जवळजवळ न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणून कुणी औषध म्हणून कॉफी सुरू करू नये. पण सकाळच्या कपाने मन उभारी धरतं असं जी म्हणते, तिला वेड्यातही काढू नये.

झोपेचं मात्र गणित सरळ आहे. दिवसभरात मेंदूत झोपेचा निरोप देणारं अ‍ॅडेनोसिन साठत जातं. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं आणि निरोप पोचू देत नाही. प्यायलेलं कॅफिन अर्धं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. बी.कॉम.ला घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढायचो, तसंच हे. दुपारी चारला १०० मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री नऊला ५० उरतं आणि रात्री दोनला २५. अक्का दोन वाजता खिडकीशी का बसायच्या, त्याचं एक कारण यातही असेल. २०१३ साली डेट्रॉइटमध्ये पाहिलं गेलं की, निजण्याच्या सहा तास आधी घेतलेलं ४०० मिलिग्रॅम कॅफिनसुद्धा एक तासाहून अधिक झोप कमी करतं. पाळी जाण्याच्या वयात आधीच घामाने जाग येते, त्यात ही भर.

आपल्या घरांत जिथे चौविहार किंवा रात्रिभोजनत्याग पाळला जातो, तिथे संध्याकाळनंतरची कॉफी आपोआप टळते. पण एक सांगते. आपलं व्रत अहिंसेसाठी आहे, झोपेसाठी नाही. फायदा दिसला म्हणून व्रताची किंमत त्या फायद्यात मोजू नये. शिवाय उन्हाळ्यात सातला सूर्यास्त होतो आणि साडेसहाची कॉफी नियमात बसत असली तरी झोपेच्या हिशेबात बसत नाही. तेव्हा शेवटचा कप दुपारी दोनच्या आत.

उपवासाविषयी खास लिहायलाच हवं. रोजची कॉफी एकदम तोडली की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं, एक-दोन दिवसांत ते सर्वांत जास्त होतं आणि नऊ दिवसांपर्यंतही रेंगाळू शकतं. वैद्यकात याची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आहे. अक्कांना पर्वाच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते हेच. कर्माला बोल लावायची गरज नव्हती. ज्यांना दशलक्षणात किंवा पर्युषणात उपवास करायचे आहेत, त्यांनी आधी दहा-बारा दिवस कप हळूहळू कमी करत आणावा. मन पूजेत राहील, डोक्यात नाही.

दोन घरगुती गोष्टी. पहिली चिकरीची. बाजारातल्या पुष्कळ कॉफी पावडरींत चिकरी असते आणि चिकरी हे भाजलेलं मूळ आहे. नेपोलियनच्या काळात, १८०६ नंतरच्या नाकेबंदीत कॉफी मिळेना म्हणून ती युरोपात पसरली आणि पुढे आपल्याकडेही आली. तिच्यात कॅफिन नसतं. पण कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचावं. मिश्रणात कॉफी किती टक्के आणि चिकरी किती, ते तिथे छापावंच लागतं. सुंठ-हळदीसारखं वाळलेलं मूळ म्हणून काही घरांत ती चालते, काहींत नाही. आपापल्या गुरूंना विचारून ठरवावं. आम्ही शुद्ध कॉफी आणतो.

दुसरी गोष्ट लोहाची. पाळी जायच्या आधी पुष्कळ जणींना अंगावरून जास्त जातं आणि रक्त कमी होतं. आपलं लोह येतं ते डाळी, पालेभाज्या, बाजरी-नाचणीतून, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहा-कॉफीने तेच नीट शोषलं जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलं आहे की, जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको आणि दिवसाला एकूण कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावं. त्यांच्याच हिशेबाने १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असतं, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. म्हणजे ज्या म्हणतात "मी कॉफी सोडली, आता फक्त चहा, सहा वेळा," त्यांनी एकदा बेरीज करून पाहावी.

मंदिरात विचारणाऱ्या त्या मैत्रिणीला मी परवा फोन करून सांगितलं ते असं. सकाळचा कप सोडू नकोस, त्यात दूध भरपूर घाल. दुसरा हवा तर दुपारी दोनच्या आत. वाफा फार येत असतील तर पंधरा दिवस कप हळूहळू कमी करून बघ आणि रोज रात्री वहीत लिही, किती वेळा वाफ आली, किती वाजता जाग आली. फरक पडला तर तुझ्यासाठी कॉफी कमी बरी. नाही पडला तर उगाच का सोडायची? डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा. वही बघून तरी ते ऐकून घेतील. आणि कॉफी सोडलीसच तर दूध-दही सोडू नकोस.

अक्का आता सत्त्याहत्तरीच्या पुढे आहेत, काठी घेऊन चालतात. मागच्या रविवारी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. साध्वींचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "त्या बायांनी आठ-आठ दिवस तिथं राहून हिशेब दिला होय? त्यांचे उपकारच म्हणायचे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जरा कॉफी टाक. दूध जास्त घाल."

दुपारचा दीड वाजला होता. मी टाकली.

जय जिनेंद्र.